लॅपटॉप माझा, बोलणं नवऱ्याशी

मंगळवार, संध्याकाळ

नवा लॅपटॉप तिसऱ्याच आठवड्यात तव्यासारखा तापतोय, ड्रॉइंग उघडलं की हँग होतोय. आज चाकणच्या कंपनीला डायचं, म्हणजे साच्याचं, ड्रॉइंग दुपारपर्यंत द्यायचं होतं, ते गेलंच नाही. म्हणून नवऱ्याला, नितीनला, घेऊन थेरगावच्या दुकानात गेले. कशाला नेलं त्याला?

दुकानदार नितीनकडे बघून म्हणतो, "साहेब, मॅडम गादीवर ठेवून सिरीयल बघत असतील."

आणि नितीन हसला! अकरा वर्षं मी डाय डिझाइन करतेय, हे त्याला माहीत नाही?

मी काउंटरवरच ड्रॉइंग उघडलं. दहा मिनिटांत स्क्रीन जागच्या जागी थांबली. "आता खालून हात लावून बघा," म्हटलं. दुकानदाराने लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बदलून देतो, साहेब."

परत साहेब! "बिल माझ्या नावावर आहे, माझ्याशी बोला," मी म्हटलं. तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं.

येताना नितीन म्हणाला, "मिळतोय ना बदलून? मग अजून कसला राग?"

दुकानदार परका माणूस. पण हा? हसू येतं कसं याला?

डांगे चौकात सिग्नलला गाडी थांबली, तशी मी उतरले आणि रिक्षा केली.