हिरव्या ठिपक्याची फुलं

ॲल्नविक,
२ मार्च

प्रिय मॅविस,

तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच, कुरकुरतात. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दिवसातून सात वेळा चहा होतो आणि कप एकच विसळावा लागतो. परवा फोनवर राँग नंबर लागला, तरी मी त्या बाईशी दहा मिनिटं बोलत बसले.

सांगून टाकते एकदाचं. आईची पिवळ्या ठिपक्याची फुलं गेली. जानेवारीत कोंब आले, त्यांवर राखाडी बुरशी धरली आणि पंधरा दिवसांत अख्खा झुबका कुजला. उकरून पाहिलं तर मातीतले त्यांचे कांदे बोटांत लिबलिबीत. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, त्या दिवशी वाफ्यात फतकल मारून रडले.

शेजारचे डॉड्स कुंपणावरून म्हणाले, "अहो हिल्डाबाई, निम्मी बहिणीला दिलीत ना? मग रडताय कशाला? टाका पत्र, मागवून घ्या परत!"

त्यांना काय सांगू, कपाळ! आईची रीतच होती ती. स्नोड्रॉपच्या पांढऱ्या फुलांत एखादी वेगळी जात मिळाली की निम्मी कुणाला तरी द्यायची; आपली मेली तर त्याच्याकडून परत मागता येते. म्हणून तर तू मागितलंस. भांडी नकोत, घड्याळ नको, "ताई, पिवळ्यांतला अर्धा झुबका तेवढा दे."

मला असा राग आला होता! नऊ वर्षं आईचं आजारपण मी काढलं, तू दफनाला दीड दिवस आलीस आणि नेमकं तेच मागितलंस. फुलं झडून गेलेली, नुसती पात उरलेली. पातीवरून काय कळतंय? तू गाडीत बॅगा ठेवत होतीस. मी कुंपणाखालची साधी, हिरव्या ठिपक्याची उपटली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बिस्किटाच्या डब्यात घालून तुझ्या हातात दिली. तू मला मिठी मारलीस. ती मिठी अजून बोचते.

अठरा वर्षं हे गिळून बसले. तू किती वेळा डेव्हनला बोलावलंस, दर वेळी मी सबब सांगितली. तुझ्या बागेची भीती वाटायची.

काल तुझी वाढदिवसाची कार्डं काढून बसले. दर फेब्रुवारीत एकच ओळ: "आईची फुलं छान आलीत, ताई." वाचता वाचता लख्ख उमगलं. अगं, लहानपणी वाफ्यात लोळून, फुलं उलटी करून आतला पिवळा ठिपका मला दाखवायचीस ती तूच. पहिल्याच वर्षी तुला कळलं असणार. तरी एका शब्दाने बोलली नाहीस.

मॅविस, मी चुकले. फार चुकले.

आईची पिवळी आता कुठेच नाहीत. तेव्हा दिली असती तर तुझ्याकडे तरी राहिली असती. पण मला तुझ्याकडची हवीत, तीच हिरव्या ठिपक्याची. माझ्या कुंपणाखाली तसली ढीगभर आहेत, तरी तुझीच हवीत. पात हिरवी आहे तोवर हलवायला हवीत, नाहीतर नीट धरत नाहीत. पोस्टाने पाठवू नकोस. ये म्हणालीस तर तसाच बिस्किटाचा डबा घेऊन मीच येते. नको म्हणालीस तरी तुझं काही चुकणार नाही.

आलेच, तर कुदळ तुझ्याच हातात राहू दे. या वेळी मी नुसती शेजारी उभी राहीन.

तुझी खोटारडी ताई,
हिल्डा