फक्त शाळेच्या दिवशी तापणारी गाडी

३ मार्च, सोमवार

पुन्हा तापली! गेटच्या आतच!

बाबा (सासरे) नेहमीसारखे इंजीन सुरू करून बोनेट पुसत उभे होते. उभा जन्म बस चालवली त्यांनी, एकही ओरखडा नाही. इंजीन गरम झाल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, हा त्यांचा नेम. भिंगरी दप्तर मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर. आणि तापमानाचा काटा सरळ लाल रेघेवर. बाबांनी चावी काढली. "आज नाही जमायचं, बेटा. बसने जाऊ." गेली दोघं. लेक आजोबांचा हात धरून उड्या मारत.

कालच मी हीच गाडी बाजारात नेली होती. सगळा वेळ गर्दीत अडकलेली, तरी काटा मध्यावरून ढळला नाही. मग आज हिला काय धाड भरली?

४ मार्च, मंगळवार

थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी गळ्यापर्यंत. खाली फरशी कोरडी ठणठणीत. पाइप दाबून पाहिले, एकही ओला नाही. म्हणजे गळती नाही. मग?

सकाळी तापलीच होती.

६ मार्च, गुरुवार

अर्धी रजा टाकून गॅरेजला नेली. बाबा म्हणाले, "थांब, मी जरा बघतो आधी." बोनेटमध्ये डोकं घालून आले, मग चावी दिली.

मेकॅनिकने गाडी नुसती उभी करून तापवत ठेवली. काटा मध्यावर आला, रेडिएटरचा पंखा घुर्रकन सुरू झाला, थोड्या वेळाने बंद झाला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तो कमरेवर हात ठेवून म्हणतो, "वहिनी, ही तर माझ्या बायकोपेक्षा थंड डोक्याची आहे!" मी म्हटलं, बायकोला विचारून येते. तरी त्याने थर्मोस्टॅट बदलला. तो अडकला तर म्हणे पाणी इंजिनातच फिरत राहतं. झाकणही नवं टाकलं.

चला, सुटले एकदाची.

७ मार्च, शुक्रवार

कसली सुटतेय! तापली.

९ मार्च, रविवार

सगळे मिळून तळ्यावर गेलो. गाडी नवऱ्याने चालवली. जाताना चढ, येताना गर्दी, आणि गाडी एखाद्या गरीब गाईसारखी. मला तर वाटायला लागलंय की हिला शाळाच आवडत नाही.

भिंगरी पुढे बसायचा हट्ट धरून बसली. आजोबांबरोबर तिचा एक खेळ असतो म्हणे. सिग्नल आला की तिने ओरडायचं, लाल! हिरवा! मी मागे डुलक्या घेत होते. रात्री अंथरुणात सांगते, "आई, मी पप्पाला पण शिकवला आमचा खेळ. पप्पा एकदम गप्प झाला. हरला ना!"

११ मार्च, मंगळवार

तापली. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी. इंजीन खोलायला लागणार." जसा काही जन्मभर इंजिनंच खोलत आलाय! याला घरातला नळ दुरुस्त करता येत नाही.

१३ मार्च, गुरुवार

मेकॅनिकला घरीच बोलावलं. त्याने तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल स्वच्छ, दुधाळ नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. धूर पांढरा नाही. "साहेब, हेड ठणठणीत आहे. उगाच कशाला खोलायचं?"

"खोला," नवरा म्हणाला.

"अहो पण—"

"खोला म्हटलं ना. लागू दे महिना लागायचा तर."

माझं डोकं फिरलं. मेकॅनिक गेल्यावर भांडलो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं म्हटलं मी. त्याने आवाज खाली आणून तेच ऐकवलं जे गेलं वर्षभर ऐकवतोय. समोरच्या आजोबांच्या मुलांनी त्यांची गाडी विकली, आणि त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. "बाबांचं तसं होऊ द्यायचं नाही मला. समजलं?" ते समजलं. म्हणून तर मीही रोज हात काळे करून घेतेय. पण हेड कशाला? ठणठणीत आहे ना! दगडाशी बोलावं तसं.

बाबा आतल्या खोलीत होते. ऐकलं असणार.

१७ मार्च, सोमवार

तापली. मेकॅनिक पुढच्या सोमवारी गाडी ओढून नेणार.

१८ मार्च, मंगळवार

बाबा जेवले नाहीत. ताट सरकवून म्हणाले, "हेड उघडू नका. त्या इंजिनाचा काही दोष नाही."

"मग दोष कुणाचा, बाबा?" नवऱ्याने विचारलं. किती हळू विचारलं!

बाबा उठले. दारातून म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसते."

काही कळत नाही. गाडीबद्दल बोलतायत की अजून कशाबद्दल? माणसं विचित्र की गाडी विचित्र? माझंच झाकण उडेल आता.

२० मार्च, गुरुवार

सगळं लिहिते.

आज बाबा अंघोळीला गेले, तेवढ्यात मीच जाऊन गाडी सुरू केली. त्यांच्यासारखीच उभी ठेवून. काटा चढला, मध्य ओलांडला, आणि पंखा? गप्प! गॅरेजात घुर्रकन फिरणारा पंखा फिरायचं नावच घेईना. गाडी बंद केली. बोनेटखालची फ्यूजची डबी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कुठे त्याची चित्रं आहेत. पंख्याच्या चित्राखालची खाच रिकामी.

मागे वळले तर बाबा. ओले केस, खांद्यावर टॉवेल.

"सापडलं?" एवढंच म्हणाले. मग चष्म्याच्या डबीतून तो चिमुकला फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मी म्हटलं, अहो का? का पण?

"दिसत नाही, पोरी." पायरीवर बसले. डॉक्टरला केव्हाच दाखवून आलेत, एकटेच. चष्म्याने भागायचं नाही म्हणाला तो. सिग्नलचे रंग भिंगरी सांगायची. तिला वाटायचं खेळ. एक दिवस ती दप्तरातलं पुस्तक काढायला वाकली, आणि हे लाल दिव्यातून गेले. समोरून बस आली. "त्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून. नाहीतर... माझ्याच जातीचा होता तो, स्टिअरिंगवाला. काच खाली करून शिव्या घातल्या मला. बरोबर घातल्या." दुसऱ्या दिवसापासून फ्यूज बाहेर. गॅरेजला न्यायच्या आधी परत आत. रविवारी आम्ही चालवायचो, तेव्हाही आत.

मला आधी राग आला. माझी लेक होती त्या सीटवर! मग त्यांच्याकडे पाहिलं आणि रडूच आलं.

"त्याला सांगू नकोस. सगळ्यांना कौतुकाने सांगत असतो, आमचे बाबा अजून गाडी चालवतात. मी सांगेन. मला जरा..." आणि चष्मा पुसायला लागले.

२१ मार्च, शुक्रवार

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! फ्यूज परत लावला तर गाडी धडधाकट, म्हणजे बाबांनी भिंगरीला घेऊन निघायचं. नाही लावला तर सोमवारी चांगल्या इंजिनाचं डोकं उतरवणार. आणि नवऱ्याला सांगितलं तर? बाबांचा शब्द मोडतो. त्याचाही जीव तुटेल.

जेवताना दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा तो हसून बाबांना वाढत होता. मी पाण्याबरोबर गिळून टाकलं. भिंगरीला मात्र बजावलंय, गाडी सुरू झाली तरी बसायचं नाही, बसनेच जायचं. का, म्हणून तिने विचारलं. मी तिची वेणी घालायला घेतली.

२२ मार्च, शनिवार

ठरलं. उद्या सांगणार. संध्याकाळी फ्यूज गुपचूप जागेवर बसवून आले. उद्या सकाळी नवऱ्याला बोनेटपाशी उभा करायचा, त्याच्यासमोर फ्यूज काढायचा, पंखा थांबलेला दाखवायचा, आणि मग बाबांचं सगळं सांगायचं. चिडला तर चिडू दे.

हे लिहितेय तोवर तो खाली जाऊन आला. गाडीची काच उघडी राहिली होती म्हणे.

२३ मार्च, रविवार

सगळे उठायच्या आत जाऊन डबी उघडली. खाच रिकामी!

बाबांना उठवून विचारलं. "मी नाही गं. तुझ्या हातात दिला तो शेवटचा."

धुणं भिजवायला घेतलं. नवऱ्याच्या कालच्या शर्टाच्या खिशात फ्यूज. म्हणजे काल मला बोनेटपाशी पाहिलं त्याने, आणि काचेचं निमित्त करून काढून आणला.

'पप्पा एकदम गप्प झाला. हरला ना!' आणि त्यानंतरच तो हेडचा हट्ट. हेड उतरवलं की गाडी महिनाभर गॅरेजात. मग पार्ट मिळत नाही, मग अजून काही. बाबांना 'आता चालवू नका' म्हणायची वेळच कुणावर यायला नको. आणि मी त्याला दगड म्हटलं!

फ्यूज त्याच खिशात परत ठेवला. शर्ट न धुताच खुंटीला अडकवलाय.