बोल्टवरचा खोडलेला नंबर

अण्णा, यांनी इथे अमेरिकेत विकत घेतलेली आपल्या लष्कराची जुनी थ्री नॉट थ्री रायफल काल माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुटी करून ठेवली होती. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून खाली जुनी चादर घातली होती. यांना जाऊन चार वर्षं झाली. "माझे सासरे खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात असल्याच रायफली दुरुस्त करायचे," असं सांगत हे ती प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे. तुमची नि यांची भेट मात्र कधी झाली नाही. आमच्या लग्नाआधीच तुम्ही गेलात. हे गेल्यावर मी यांची रायफलींवरची पुस्तकं वाचायला घेतली, डिक्शनरी शेजारी ठेवून, रोज दोन पानं. मूळचा भाग कोणता, नंतर बसवलेला कोणता, ते कशावरून ओळखायचं. समासात यांच्या पेन्सिलीच्या खुणा भेटायच्या, आणि मजकुरात अधूनमधून तुम्ही.

मुलाला ती रायफल घरात नको आहे. "आई, जस्ट गिव्ह इट अवे," असं तो सनीव्हेलहून दर रविवारी फोनवर म्हणतो. म्हणून इथे शॉमबर्गजवळच्या एका लहानशा म्युझियमसाठी जुनी हत्यारं तपासणारे गृहस्थ काल आले होते. माझ्याहून म्हातारे, खिशात भिंग. सांगाड्यावरचा नंबर, नळीच्या टोकाच्या टोपीवरचा, लाकडाच्या पोटातला, सगळे जुळले. बोल्टवर, म्हणजे गोळी आत सरकवणाऱ्या दांड्यावर, मात्र जुन्या नंबरावर आडवी रेघ होती आणि खाली नवा नंबर ठोकलेला. ते म्हणाले, "हा बोल्ट मूळचा नाही. कुणीतरी नंबर जुळवून फसवलंय."

मी म्हटलं, "फसवणारा जुना नंबर घासून टाकतो. हा वाचता येतोय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही कुठल्या रेजिमेंटमध्ये होता?"

"स्वयंपाकघराच्या," मी म्हटलं. तेव्हा कुठे ते हसले.

मी आठ वर्षांची आहे. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चुकलेलं गणित खोडरबरानं पुसते आहे आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेता. "दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला तर आम्ही जुना नंबर पुसत नाही. रेघ मारतो, खाली नवा ठोकतो. पुढच्याला कळायला नको?" आई स्टोव्हपाशी बसूनच म्हणते, "अहो, ती रायफल नाही, पोर आहे." बाकीच्या बायका भांड्यांवर दुकानातून नावं घालून आणायच्या; आपल्या पातेल्यांवर तुम्ही घरीच क्वार्टरचा नंबर ठोकलात, एकेक आकडा, हातोडीच्या एका घावात. शेवटचा आकडा ओळ सोडून वर चढायचा. "हा निघाला माहेरी," आई म्हणायची.

काल भिंगातून पाहिलं, तर बोल्टवरचा शेवटचा सात वर चढलेला. म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कुणाचं काम असेल, काही कल्पना?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं. खात्रीनं." त्यांनी ते लिहून घेतलं आणि रायफल एखादं झोपलेलं मूल न्यावं तशी गाडीपर्यंत नेली. दाराशी उभी राहून मी बघत राहिले. तुम्ही गेलात तेव्हा मी परीक्षेला दुसऱ्या गावी होते. मला तसं बघत उभं राहायला मिळालं नव्हतं.

ताडून बघायला माझ्याकडे काहीच नाही, अण्णा. आईच्या मागे पातेली मोडीत गेली. तुमच्या वर्कशॉपात असे ठसे ठोकणारे कितीतरी हात असतील. आज दुपारी त्या गृहस्थांचा फोन आला होता. रायफलीशेजारची, तुमच्या नावाची पाटी छापायला चालली आहे, त्यात काही बदल आहे का, म्हणून. मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ आठवून पाहिलं. तुमचा शेवटचा आकडा वर चढायचा की खाली घसरायचा, हे मला आता नक्की आठवत नाही.