बापावर गेलेली

प्रिय बाबा,

आईने परवा मला धानाच्या भर बांधीत, चारचौघांसमोर शिवी दिली. तेव्हापासून ती तुम्हाला सांगावी असं सारखं वाटतंय. पण तुम्ही तर गेल्या उन्हाळ्यातच देवाघरी निघून गेलात! म्हणून हे पत्र.

शिवी अशी: "बापावरच गेली, मूर्ख कुठली!"

हसू नका. लोकांच्या घरी हे रोजचंच बोलणं आहे. नाक फताडं निघालं, झोपेत घोरणं ऐकू आलं, की लेकरू बापावर गेलं. त्यातही आया हे बहुतेक रागातच म्हणतात. लेकराने चांगलं केलं तर ते आईच्या माहेरचं वळण, आणि वाया गेलं तर बापावर! पण मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार? आईने तुमच्याशी दुसरं लग्न केलं तेव्हा मी तिचं बोट धरून या गावात आले. ज्याच्यावर जायचं तो माणूस मला आठवत नाही, आणि ज्याला बाबा म्हटलं त्याचं रक्त माझ्यात नाही.

सौंदडच्या बाजारातली ती बांगडीवाली आठवते? माझा हात दाबत तिने विचारलं, "पोरगी कोणावर गेली जी?" आई खाली पाहू लागली. तुम्ही बांगड्या निवडता निवडता म्हणालात, "अजून ठरवून राहिली. घाई कायची आहे?" बाबा, तेव्हा तुम्हाला आतून टोचलं होतं का हो? विचारायचं राहूनच गेलं.

तर यंदाची गोष्ट. धान निसवायला लागला, लोंब्या बाहेर पडू लागल्या आणि पाऊस गडप झाला. तलाव अर्ध्यावर. पाणी कोण वाटणार हे ठरवायला मारुतीच्या देवळात गाव जमलं. तुम्ही होतात तोवर हा प्रश्नच नव्हता. पाणकर तुम्ही, तुमच्या आधी तुमचे बाबा, त्यांच्याआधी आजोबा. आणि तुमच्या घराची रीतही सगळ्यांना माहीत: पाणी शेवटच्या बांधीपासून द्यायचं आणि पाणकराच्या शेताला सर्वांत मागून.

कोणीतरी माझं नाव काढलं. डोमाजी आजा म्हणाले, "पाणकराचं काम घराण्याचं असते. वनिता गुणाची आहे, पण रक्ताची त नाही ना!"

मी सतरंजीकडे पाहत बसले. समोर तुमचा सख्खा पुतण्या, रमेशदादा. तेच नाक, चालणंही तसंच फेंगडं. त्या फेंगड्या चालीचा मला किती हेवा वाटतो, सांगू?

रमेशदादा म्हणाला, "मी सोडतो पाणी. पण पहिले तलावाजवळच्या बांध्याईले. दूरचं पाणी रस्त्यातच जिरून जाते."

बोलणं काही चुकीचं नव्हतं. पण डोमाजी आजांची बांधी अगदी शेवटाला! त्यांनी घसा खाकरला. "रक्ताचं राहू द्या बाजूले. पोरीलेच द्या." इतक्या झटपट मत बदललेलं मी निवडणुकीतसुद्धा पाहिलं नाही, बाबा!

मी तलावाच्या तुडुमाचं दार उघडलं आणि पाणी थेट शेवटाला नेलं. तुमच्या मागे मागे फिरून वाटा पाठ झाल्या होत्याच. आपलं शेत तलावाच्या पाळीच्या पायथ्याशी, सर्वांत जवळ. पाणी आपल्या बांधाला घासून पुढे जायचं आणि मी पाहत राहायची. आपला नंबर आला तेव्हा तलाव तुडुमाच्या तोंडाखाली उतरलेला. खालच्या दोन बांध्यांतल्या लोंब्या पांढऱ्या पडल्या. पोचट, सगळ्या.

परवा आईने ते पाहिलं. रमेशदादा आणि डोमाजी आजा तिथेच उभे होते.

"तुडूम तुह्या हातात होतं! घडीभर पाणी घेतलं असतं त कोण मरत होतं? काऊन नाही घेतलं? बापावरच गेली, मूर्ख कुठली!"

मी आईकडे पाहिलं. वाटलं, आता ही बोललेलं मागे घेईल. तिने घेतलं नाही. कोणता बाप, असं डोमाजी आजांनीही विचारलं नाही. धान गेल्याचं दुःख मला होतंच, पण त्या घडीला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

घरी आल्यावर आईने चूल पेटवली. मग भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "ते तरी मले विचारत होते."

बाबा, हे मला ठाऊकच नव्हतं! दरवर्षी तुडूम उघडायच्या आधी तुम्ही चुलीपाशी बसून तिला विचारायचात म्हणे, आपली बांधी मागे ठेवू का? ती आधी नाही म्हणायची, भांडी आपटायची, आणि मग म्हणायची, ठेवा. गावात नाव मात्र तुमचं झालं. धान जेवढा तुमचा वाळायचा तेवढाच तिचाही वाळायचा की! हे मला काऊन नाही सांगितलं? तुमच्यावर गेले खरी, पण अर्धीच. पाणी कुठून कुठे न्यायचं ते दाखवलंत, आणि पहिलं काम, आईला विचारायचं, ते घरातच ठेवून गेलात.

पुढच्या वर्षी गाव पुन्हा जमेल. पाऊस चांगला झाला तर डोमाजी आजांना रक्त पुन्हा आठवेलही, त्यांचा भरवसा नाही. पण काम माझ्याकडे आलं, तर मी आधी आईपाशी बसेन आणि विचारीन. ती भांडी आपटेल, आपटू दे. आणि ती खरंच नाही म्हणाली, तर त्या वर्षी आपल्या बांधीलाही सगळ्यांसारखा पाण्याचा वाटा घेईन. विचारायचं म्हणजे तिचं 'नाही'सुद्धा ऐकायचं. एवढा शब्द देते.

तुम्हा दोघांची,
वनिता