सही नसलेला कागद

४ फेब्रुवारी
आजही नाही! गव्हर्नरांनी डॉ. नोरा शिन यांचं नाव पर्यावरण खात्याच्या प्रमुखपदासाठी दिलं, त्याला अडीच महिने झाले. बाई आमच्या जिल्ह्यातल्या. म्हणून आमच्या जिल्ह्याच्या सिनेटरची सही झाल्याशिवाय नाव सिनेटच्या समितीपुढे जातच नाही. आणि आमचे सिनेटर, गॅस्किलसाहेब, सही करत नाहीत. कारण? ते सांगायचं नसतं. रिवाज म्हणे!
कागद साहेबांच्या राजधानीतल्या ऑफिसात, माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये. रोज सकाळी बघतो. रोज तसाच.

११ फेब्रुवारी
थिया आली होती – शिनबाईंची मुलगी. दोन तास गाडी चालवून. लाल टोपी, नाक त्याहून लाल.
"झाली सही?"
म्हटलं, नाही. डोळे मिटून बसून राहिली नुसती. मग माझं अर्धं पोर्क रोल सँडविच न विचारता खाल्लं. आई राजधानीत राहायला आली की हीही येईलच. रोज दिसेल. फार मागतोय का मी?

१२ फेब्रुवारी
कंटाळा. बर्फ.

१९ फेब्रुवारी
साहेबांना विचारलंच – एवढ्या चांगल्या बाईंना का अडवताय?
चष्म्यावरून बघितलं. "कॉलेज अर्धवट सोडलंस, आता नोकरीपण सोडायचीय?" मग हळूच, "गप्प बसलेला प्रत्येक माणूस लबाड नसतो, पोरा."
उपदेश! डोकं भणभणलं.

२० फेब्रुवारी
पेपरवाल्याला फोन केला. सही कुणी अडवलीय ते सांगितलं. स्वतःचं नाव सोडून सगळं.

२४ फेब्रुवारी
बातमी पहिल्या पानावर! दिवसभर फोन, शिव्या, टीव्हीवाले. चार वाजता साहेबांनी सही केली. कागद माझ्या हातात दिला. आणि दार लावून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३ मार्च
समितीत अकरा मिनिटं. सभागृहात एकमत. एवढ्यासाठी साडेतीन महिने! शिनबाई हसत होत्या. गॅलरीत थियाला शोधलं. नव्हती.

४ मार्च
पायऱ्यांवर थिया भेटली. टोपी नव्हती.
"सही करू नका म्हणून साहेबांना मीच विनवलं होतं. कुणाला सांगू नका असंही मीच म्हटलं, त्यांनी नाही सांगितलं. आईच्यानं गव्हर्नरना नाही म्हणवेना. आणि बाबा... आता फक्त आईलाच ओळखतात. ती इकडे येणार, मी घरी त्यांच्यापाशी थांबणार. मला ते नर्स समजतात."
मग म्हणाली, "पेपरात कुणी दिलं असेल रे?"
माहीत नाही, म्हणालो.