एर्लांगेनची पार्सलपेढी

एर्लांगेन,
जुलै संपत आला आहे

श्री. सुधीरराव यांना,

साष्टांग घालायचा विचार होता, पण गुडघे तयार नाहीत. तेव्हा जमेल तितका वाकून पद्माकरचा नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर, वहिनींचा खांदा आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, तिन्हींचं ठीक चाललं असेल असं धरून चालतो. आम्ही इथे मजेत आहोत. तुमच्या बहिणीचे पाय सुजायचे थांबले आहेत, कारण इथल्या बसला वेळेवर यायची खोड आहे आणि स्टॉपवर ताटकळावं लागत नाही. मीनल आणि जावईबापू आपापल्या ऑफिसात, ओवी शाळेत. ओवीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. त्यामुळे मी सकाळी विचारलेल्या प्रश्नाला नात हो म्हणाली की नाही, हे मला संध्याकाळी मीनल घरी आल्यावर कळतं.

खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. एक तर काही व्यवहार कागदावरच शोभतात. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. आठवतंय का, आम्ही निघायच्या आधी तुमच्याकडे जेवायला आलो होतो? अळूची भाजी वाढून घेता घेता तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात की पद्माकरराव, तुमच्या त्या फॉरेन एक्स्चेंजच्या अकलेला आता कोण विचारतंय, पोरं अंगठ्याने पैसे पाठवतात. सगळे हसले. माझ्या तोंडात घास होता, पण मला ते लागलं. पस्तीस वर्षं परदेशी व्यापाराच्या टेबलावर काढल्यावर निवृत्त माणसाकडे अक्कल सोडून राहतं काय? तर सुधीरराव, त्या अकलेला इथे कोण कोण विचारतं, ते सांगायला हे पत्र आहे. नीट चष्मा लावून वाचा.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, एकोणिसाव्या शतकात. (कंटाळू नका, लवकर परत आणतो.) समजा, ब्रेमेनच्या एका व्यापाऱ्याला मुंबईचा कापूस हवा आहे. मुंबईचा कापूसवाला म्हणतो, हा बाबा कोण, कुठला, मी ओळखत नाही, आधी पैसे. ब्रेमेनवाला म्हणतो, जहाज बुडालं तर काय घ्या, आधी माल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि कापूस गोदामात पडून. अशा वेळी मधे यायची लंडनची एखादी पेढी, जिचं नाव दोघांच्या कानावर असायचं. ही पेढी पदरचा पैसा काढून द्यायची नाही. कापूसवाल्याच्या हुंडीवर आडवं ‘स्वीकारले’ असं लिहून खाली सही ठोकायची, बस्स. म्हणजे मुदत भरली की पैसे आम्ही देऊ, ब्रेमेनवाल्याकडून वसूल करायचे ते आमचं आम्ही बघू. त्या सहीच्या भरवशावर कापूसवाल्याला थोडी कसर कापून आपल्याच गावात रोकड मिळायची, जहाज निघायचं, मुदत भरेपर्यंत तिकडे माल विकलेला असायचा. पेढीने उसनं काय दिलं, तर नुसतं नाव. आणि गंमत बघा, लंडनच्या त्या पेढ्यांमधली कितीतरी घराणी मूळची इथली, हँबुर्ग, ब्रेमेन, फ्रँकफुर्ट सोडून तिकडे जाऊन बसलेली. म्हणजे मी योग्य देशात आलो.

आता एर्लांगेनला या. इथे मराठी कुटुंबं बरीच, आणि त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर सकाळ-संध्याकाळ एकच जप: पुण्याहून कोणी येतंय का? प्रत्येकाच्या आईने काहीतरी भाजून, कुटून, बांधून ठेवलेलं. येणारेही असतात, पण बोलत नाहीत. का बोलतील? अनोळखी माणसाचं पार्सल आपल्या बॅगेत घालून विमानात बसायला कोणाची छाती होते? पाठवणाऱ्यालाही शंका असतेच, की हा कोण, वाटेत आपला चिवडा खाऊन टाकील. सुधीरराव, मी तो ग्रुप वाचत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. अहो, हाच तर तो कापूस. हाच गोदामात पडलाय.

पहिला व्यवहार वेदांग नावाच्या मुलाचा. मीनलच्या ऑफिसातला, सालस पोरगा, आईच्या हातच्या थालीपिठाच्या भाजणीवाचून वाळत चाललेला. पुण्याहून येणार होती सुकन्या, तीही याच गावातली, पण ती वेदांगला ओळखत नव्हती. दोघं मला मात्र ओळखत होते, कारण पाडव्याच्या कार्यक्रमात मी आभारप्रदर्शन केलं होतं (लांबलं, पण लोकांनी ऐकलं). मी वेदांगच्या आईशी फोनवर बोललो, पार्सलात काय आहे ते एका कागदावर लिहून घेतलं, त्यावर आडवं ‘स्वीकारले’ लिहून सही केली आणि फोटो सुकन्याला पाठवला. खाली एक ओळ: काही भानगड निघाल्यास जबाबदारी माझी. भाजणी सुखरूप आली. कमिशन म्हणून एक थालीपीठ मिळालं, लोण्याच्या गोळ्यासकट.

मग काय विचारता. शनिवारी सकाळी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसू लागलो. शाईचं पेन खास पुण्याहून मागवलं (तेही पार्सलने). लोक येत, बसत, चहा घेत. गोडा मसाला, कुळथाचं पीठ, सांडगे, आगळ, एका ताईंचं नऊवारी पातळ, सगळं माझ्या सहीवर खंड ओलांडून आलं. एकदा खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेर्टलाइन वर आल्या. दर शनिवारी एवढी माणसं का येतात आणि तुम्ही गेवेर्बे, म्हणजे धंद्याची नोंदणी, केली आहे का, असं त्यांनी ओवीमार्फत विचारलं. जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आमच्या व्हिसावर धंदा करायला मनाई. मी मात्र त्यांना बसवलं आणि त्यांच्याच देशातल्या व्यापारी घराण्यांचा इतिहास कापसापासून सांगायला घेतला. ओवीने तासाभराचं भाषण तीन वाक्यांत उरकलं. बाई दर वाक्याला ‘या, गेनाऊ’, म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आलुबुखाराचा केक आणून दिला आणि त्यांच्या भाचीला पुण्याहून योगासनाची चटई हवी आहे असं कळवलं. सुधीरराव, बँकेत रीजनल मॅनेजरसुद्धा मला अहो म्हणायचा नाही. इथे लहानथोर सगळे मला विचारून हलतात. मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

आता एक लहानसा अपघात सांगतो, लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. मुक्ता म्हणून एक आहे, तिच्या सासूबाईंनी मेतकूट पाठवायचं ठरवलं. फोनवर बाई इतक्या गोड बोलल्या की मी डोळे मिटून सही केली. (पेढ्या बुडाल्या त्या अशाच. घराणं बघितलं, माल बघितला नाही.) आणत होता वेदांग. बाईंनी मेतकुटाच्या पिशवीच्या पोटात, कोणाला दिसू नये म्हणून, साजूक तुपाची बरणी खोचली होती. दुधातुपाचं काहीही या देशात आणायला मनाई आहे, हे त्यांना ठाऊक असावं, नाहीतर खोचली कशाला असती? फ्रँकफुर्टला बॅग उघडली गेली. बरणी फुटलेली, तूप सुटलेलं आणि वेदांगचे शर्ट, लॅपटॉप, बहिणीच्या लग्नाचा सूट, सगळ्यावर पिवळं सारण. ही पूड कसली, असा साहजिक प्रश्न आला. वेदांगने खाऊची पूड आहे हे पटवायला आपणहून मूठभर कोरडं मेतकूट तोंडात टाकलं आणि त्याला असा ठसका लागला की तिथल्या माणसांनी आधी पाणी आणलं आणि मग नियम सांगितले. नियम त्यांचे बरोबरच होते. पोराची गाडी चुकली. त्याचा सूट मी स्वखर्चाने धुऊन दिला, कारण भानगडीची जबाबदारी माझी, असं मीच लिहिलं होतं. हिंगाचा वास अजून आहे.

पण खरी पडझड पुढे झाली. ग्रुपवर बातमी पसरली आणि माझ्या सहीकडे कोणी बघेना. येणारे लोक म्हणू लागले, काका, राहू दे, आमच्या बॅगा भरल्या आहेत. शनिवारी मी दाढी करून बसलो, कोणी आलं नाही. त्याच वेळी माझ्या सहीची बरीच पार्सलं पुण्यात अडकलेली होती. त्यांत दोन अशी की झोप उडावी. एक, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी उकडीच्या मोदकांची पिठी, कारण नैवेद्य यंदा पहिल्यांदाच आपल्या मीनलकडे आहे. दुसरं स्वरालीचं. ही पोरगी गणपतीच्या सुमाराला बाळंत होणार. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून कराडहून आई येऊ शकत नाही. ती माउली फक्त खारकेची पूड, डिंक, सुंठ आणि बाळंतशेपा पाठवू शकते. त्या पिशवीवर माझी सही आहे. स्वराली एकदा जिन्यात भेटली, म्हणाली, काका, नाही जमलं तरी चालेल. ते ‘चालेल’ मला अजून टोचतंय.

सुधीरराव, १८५७ साली, आपल्याकडे वेगळीच धामधूम चालली होती तेव्हा, हँबुर्गच्या पेढ्यांवर अशीच वेळ आली. कोणी कोणाची सही मानेना, सगळा व्यापार ठप्प. शेवटी व्हिएन्नाहून चांदीने भरलेली आगगाडी निघाली. ती शहरात शिरली एवढं कळताच लोकांचा जीव भांड्यात पडला आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले. हे मला अगदी वेळेवर आठवलं. मंडळाच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी स्वीकारलेलं प्रत्येक पार्सल गणपतीच्या आत इथे पोहोचेल, चांदीची गाडी निघाली आहे. टाळ्या पडल्या. स्वराली पहिल्या रांगेत होती, तिने डोळे पुसले. त्या क्षणी मला वाटलं, नोकरीभर केलेल्या सह्या एकीकडे आणि ही एक सही एकीकडे.

असो. फार लिहिलं. तुमच्या त्या जेवणातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल. वहिनींना नमस्कार, आणि लिफ्ट बंद असेल तर जिना सावकाश चढा.

आपला,
पद्माकर

ता. क. तुम्ही दोघं ऑगस्टअखेर पुण्याहून कायझर्सलाउटर्नला चिरंजीव उत्कर्षकडे येताय, आणि गणपतीला आमच्याकडे, हे मीनलकडून कळलं. फार आनंद झाला. तुम्हाला न्यायला उत्कर्षबरोबर मी जातीने फ्रँकफुर्टला येईन.

ता. क. २. चांदीची गाडी म्हणजे तुम्ही. तुमची ती मोठी निळी बॅग मी संपूर्ण स्वीकारली आहे. कपड्यांची चिंता नको, माझे दोन स्वेटर तुम्हाला होतात. उत्कर्षशी बोललो आहे, त्याला चकल्या नसल्या तरी चालतं असं तो म्हणाला (आधी ‘एकही नाही?’ असं दोनदा विचारून घेतलं). दुधातुपाचं काही निघालं तर तिथल्या तिथे परत करा, विशेषतः मुक्ताच्या सासूबाई आल्या तर.

ता. क. ३. लोकांना पत्ता तुमचाच दिला आहे. हे पत्र पोहोचेपर्यंत बेल वाजू लागली असेल. या पत्रावर आडवं ‘स्वीकारले’ असं लिहून, खाली सही करून फोटो पाठवावा. तुम्ही नाही म्हणालात तर मला मंडळात तोंड दाखवायला जागा नाही, सुधीरराव. एवढं एक वाक्य फोनवर म्हणता आलं नसतं, म्हणून पत्र.

दादा, मी मालिनी. पाकिटात घालून पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून या ओळी. वहिनीशी माझं सगळं बोलणं मागेच झालंय. एव्हाना पार्सलं तुमच्या गेस्टरूममध्ये आली असतील. वहिनी प्रत्येक पिशवी सोडून, बघून, परत बांधते आहे. निळ्या बॅगेतून तुझे कपडे तिने तुला न सांगता काढलेत, कपाट उघडशील तेव्हा कळेल. हे सगळं ह्यांना माहीत नाही, आणि तू सांगूही नकोस. निवृत्त झाल्यापासून हे सकाळी अकरापर्यंत पायजम्यावर पेपर घेऊन बसायचे, मला बघवत नव्हतं. आता शनिवारी माझ्याआधी उठून शर्टाला इस्त्री करतात. तेव्हा लगेच हो म्हणू नकोस. पत्र मिळाल्यावर थोडे आढेवेढे घे आणि मग त्यांनी सांगितलंय तसं आडवं लिहून पाठव. अक्षर मात्र नीट काढ, दादा. मीनलने फ्रेम आणून ठेवली आहे.