जहाजात जागा नाही

५ जानेवारी १९५८
आलो एकदाचे. लाबुन चार वर्षांनी आपल्या बेटावर परतला आणि मी, त्याची नवी बायको, पहिल्यांदाच. अणुबॉम्ब फोडला तेव्हा इथे पडलेली राख धुऊन गेली, बेट स्वच्छ आहे, खुशाल राहा, असं सरकारने सांगितलंय. पत्र्याची कोरी घरंही दिली. सासूबाई वाळूत बसून पोटभर रडल्या, मग मला म्हणाल्या, तू कशाला रडतेस, चूल पेटव. सासू बरी आहे. ताजा मासा आणि भाजलेला नीरफणस मी दोन जिवांचा खाल्ला. तिसरा महिना लागलाय.

१९ फेब्रुवारी
आरारूटचे कंद किसून सात पाण्यांतून काढले, तरी खाल्ल्यावर सगळ्यांच्या तोंडाला फोड आले. सासूबाई म्हणाल्या, तुम्हा माजुरो बेटावरच्या पोरींना साधं धुता येत नाही, आईने शिकवलं काय तुला? पुन्हा धुतलं, पुन्हा फोड. मग त्यांनी स्वतः धुतलं आणि त्यांच्याच जिभेचं साल निघालं. आता मला काही बोलत नाहीत. कंदालाच शिव्या देतात.

११ एप्रिल
सरकारी जहाज आलं. त्यातल्या डॉक्टर साहेबाने आमचं रक्त आणि मूत बाटल्यांत भरून घेतलं. पाहुण्याने आधी जेवायचं म्हणून सासूबाईंनी शिजवलेला खेकडा पुढे ठेवला. त्याने तो पिशवीत घातला, चिठ्ठी चिकटवली आणि स्वतःचा डबा उघडून खात बसला. किळस आली मला त्या माणसाची. दुभाष्या कितोन म्हणाला, खेकडा खाऊ नका. मग खायचं काय? ते बघणं म्हणे दुसऱ्या खात्याकडे. बाळंतपणाआधी मला इथून न्या, असं मी हात जोडून सांगितलं. जहाजात जागा नाही म्हणाले.

२ जून
शेजारची नेरिका बाळंत झाली. पाणी मीच तापवलं. जे आलं त्याला हाडं नव्हती. कातडीतून आतलं सगळं दिसत होतं, आणि ते दुपारपर्यंत हलत होतं. सासूबाईंनी केवड्याच्या चटईत गुंडाळून पुरलं. मी मागे जाऊन ओकले.

९ जुलै
जहाज पुन्हा आलं. नेरिकाचं ते त्यांनी उकरून काढलं. नाकाला रुमाल बांधून एकजण फावडं मारत होता, ती त्याच्या पाया पडत होती. बर्फात घालून नेलं. त्याला जहाजात जागा झाली, तिला नाही. थू यांच्या तोंडावर. लाबुनने साहेबाला विनवलं, माझ्या बायकोला तरी न्या. वरून हुकूम नाही म्हणे.

२८ जुलै
हे लाथा मारणं नव्हे. पोट सगळीकडून एकदम हलतं— सासूबाई हात ठेवतात आणि लगेच काढतात. विचारलं तर म्हणतात, झोप.

६ ऑगस्ट
कळा. जहाज चार दिवस थांबलंय— कधी थांबत नाही. सकाळी साहेब स्वतः आला. चल, जागा झाली. मी हसले, वेड्यासारखी. कितोन खाली बघत होता. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, मोकळी झालीस की तुला परत इथेच उतरवणार.

बाळाचं विचारलं. त्याने नमुन्यांच्या यादीचा कागद दाखवला— बाळाच्या नावाच्या जागी नंबर. आत्ताच. अजून जन्म—

नाही जायचं. सासूबाई दारात आडव्या पडल्यात. लाबुनला जहाजावरच्या दोघांनी धरलंय— बाकीचे बूट घालून सासूबाईंना ओलांडून आत— कसंही असू दे, हाडं असोत नसोत, माझं आहे ते, मी नाही दे—